मोठी सुरी, नोंद चौथी: पल्ला ठेवला, जाडी सोडली

तिसरी नोंद लिहिली तेव्हा सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू होती. भटकंतीसाठी मोठी सुरी घ्यायची तर पाठीला पाच मिलिमीटर जाड हवी, हे माझं मत त्या वेळी पक्कं होतं. आता जून लागलाय आणि ते मत मी सोडलंय. सहा महिन्यांत तीन पाती हाताखालून गेली, चौथं घडवून घेतलं. त्याचाच हा हिशोब.

सुरुवात हुरड्याला झाली. मोहोळ तालुक्यात मेव्हण्यांचं शेत आहे. आगटीसाठी गवऱ्या होत्याच, चहासाठी थोडं जळण फोडायचं होतं. मित्राची केए-बार या अमेरिकन कंपनीची बीके-९ सुरी सोबत होती: पातं ९ इंच, पाठीला सुमारे ४.८ मिमी जाडी, १०९५ क्रो-वॅन पोलाद. बाभळीचा मनगटाएवढा वाळका ओंडका उभा केला, पातं वर ठेवलं, दांडक्यानं पाठीवर ठोकलं आणि ओंडका सरळ दुभंगला. त्या कामाला ही सुरी खरोखर उत्तम आहे. त्या दिवशी मी पैसे साठवायला सुरुवातही केली होती.

पण सहा महिन्यांत असा ओंडका फोडायची वेळ किती आली? तीनदा. बाकी सगळा वेळ काट्यांशी झुंजण्यात गेला. आपल्याकडे माळावर निघालं की वेडी बाभूळ, हिवर, बोर, घाणेरी. पायवाट मोकळी करायची, तंबूपुरती जागा साफ करायची, वाळक्या फांद्या ओढून काढायच्या. (नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र पातं सॅकमधून बाहेरही काढायचं नाही. तिथलं गवत आणि झुडूप त्या पाखरांचं आहे.) ज्या देशांतून जाड सुऱ्यांची शिफारस येते तिथं थंडी असते, ओली जंगलं असतात. ओंडका फोडून आतलं कोरडं लाकूड मिळवावं लागतं. सोलापूरच्या मे महिन्यात सगळंच कोरडं असतं. जाळायला तुराट्या मिळाल्या तरी भागतं.

हे नीट कळलं ते बोरीच्या छाटणीत. उन्हाळ्यात बोर विश्रांतीला जाते, तेव्हा एप्रिल-मेमध्ये तिची कडक छाटणी करतात. मेव्हण्यांच्या बागेत दोन सकाळी मी तिन्ही पाती (मित्राची सुरी, घरचा कोयता आणि उसनी आणलेली खुकरी) आलटून पालटून चालवली. जाड खोडांना करवतच लागते, मी फक्त बोटाएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या फांद्या घेतल्या. अशी ओली फांदी लवचीक असते. जाड पात्याचा घाव बसला की ती आधी वाकते, मग साल सोलून निसटते. धारेमागे पातळ असलेलं पातं वेगात येतं आणि फांदी वाकायच्या आत पार होतं. कॅलिपर लावून मोजलं तर मित्राच्या सुरीची धारेमागची, म्हणजे धार सुरू होते तिथली, जाडी १.१ मिमी भरली. मेव्हण्यांच्या घरच्या कोयत्याची ०.५ च्या आसपास. कोयत्याला कुणी नावाजत नाही, पण ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला 'एक कोयता' म्हणूनच मोजतात, इतकं ते हत्यार आणि माणूस एक झालेलं आहे. तो आकार उगाच टिकलेला नाही.

मग लहान सुरीच का नको? मोरा या स्वीडिश कंपनीची कम्पॅनियन माझ्याकडे आहे, पातं १०४ मिमी. कांदा चिरण्यापासून खुंट्या तासण्यापर्यंत ती सगळं करते. पण बोरीत हात घातला की मनगट काट्यांनी भरतं. मोठ्या पात्याचा खरा उपयोग मला इथं दिसला. लांबी हवी ती हात काट्यापासून दूर राहावा म्हणून. जोरासाठी वजन हवं, पण ते जाडीतून येण्याऐवजी टोकाकडच्या रुंदीतून आलेलं बरं.

खुकरी हे गणित तिच्या बाकातून सोडवते. पातं पुढं झुकलेलं असल्यानं वजन आपोआप घावात उतरतं. मला वापरायला मिळालेली १०.५ इंचांची होती आणि तोडायला तिन्हींत तीच सरस ठरली. तरी परत केली. शस्त्र नियम २०१६ मध्ये पाचव्या वर्गात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या येतात आणि खुकरीचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत, पण भटकंतीची सुरी शेतीची आहे हे चौकीत पटवत बसायची माझी तयारी नाही. शिवाय सणावारांच्या तोंडावर पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, तेव्हा सुरी घरीच राहते. म्हणून माप ठरवलं: लांबी ८.५ इंच, रुंदी ४५ मिमी, पाठ ३ मिमी.

लोहारमामांकडे कागदावर नकाशा काढून नेला. आधी मी पाठ ५ मिमी लिहिली होती. ते म्हणाले, "एवढं जाड कशाला ओ? झाड पाडायचंय का काटं काढायचंत?" तिथंच ५ खोडून ३ केलं.

पहिला प्रयत्न फसला, चूक माझी. टेम्पोच्या जुन्या पाट्यातून (स्प्रिंगच्या पट्टीतून) नुसतं कापून, घासून पातं करू, पोलाद चांगलंच आहे, हा हट्ट मी धरला. पाट्याचं पोलाद चांगलं असतं, पण ते लवावं म्हणून नरम ठेवलेलं असतं, कठीणपणाच्या रॉकवेल मापात साधारण ४५ एचआरसीच्या आसपास. वाळक्या बाभळीवर दहा घावांत धार वळली. त्यात ग्राइंडर चालवताना टोक निळं पडलं. निळा रंग म्हणजे पातं तिथं ३०० अंशांजवळ गेलं. आधीच नरम असलेल्या पात्याचं त्यानं फारसं बिघडलं नाही, पण पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटक्यात गार करून कडक केलेल्या, पात्याची तेवढी जागा त्यानं वाया गेली असती.

दुसऱ्या वेळी पाटा निवडण्यातच अर्धा दिवस घातला. जुन्या पाट्यात थकव्याच्या केसासारख्या चिरा असतात. वरून दिसत नाहीत, पाणी देताना उघडतात. मामांनी तापवून, ठोकून पातं पातळ केलं. तापलेल्या पात्याला लोहचुंबक चिकटेनासं झालं की त्याहून किंचित उजळ रंग येईपर्यंत थांबलो आणि कोमट तेलात बुडवलं. पाण्यात नाही, या पोलादाला पाण्यात तडकायची भीती असते. कानस फिरवली तर काचेवरून घसरावी तशी घसरली, म्हणजे पातं कडक झालं. त्या आवाजाचा आनंद ज्यांनी ऐकलाय त्यांनाच कळेल. मग ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून घरच्या ओव्हनमध्ये २१० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. पात्यावर गवताचा पिवळा रंग आला. पुढची घासाई सगळी हातानं, दर मिनिटाला पाण्याची बादली. धारेमागची जाडी ०.६ मिमीवर थांबवली आणि धार किंचित फुगीर ठेवली.

मूठ बाभळीची, पितळेच्या तीन रिव्हेटा. मुठीला करडईचं तेल चार वेळा दिलं. ते हवेत सुकून घट्ट होतं, लाकडाला छान बसतं. तेच तेल पात्याला लावलं तर आठवड्यात चिकट पापुद्रा धरला, तेव्हा पात्याला आता मशीनचं पातळ तेल.

परवा पुन्हा बागेत नेली. छाटणीनंतर बांधावर टाकलेले बोरीचे ढीग आता वाळून कडक झालेत, त्यातून वाट काढली. तासाभरानं कागद कापून पाहिला, टोकाकडची दोन बोटं जागा सोडली तर सरळ कापला गेला. त्या दोन बोटांत पातं एका दगडाला लागलं होतं, दात दिसतोय, निसण्यावर काढावा लागेल. हाताला फक्त एक ओरखडा, तोही डाव्या.

बाभळीचा जाड ओंडका ३ मिमीच्या पात्यानं फोडून पाहिला नाही आणि पाहणारही नाही. त्यासाठी मेव्हण्यांनी कुऱ्हाड शेवटून (लोहाराकडून धार काढून) आणली आहे.

म्यान बाकी आहे. चामडं घाम धरतं आणि पात्याला गंज चढवतं, म्हणून जाड कॅनव्हासचं शिवायचा विचार आहे, आत लाकडी पट्टी घालून. तोवर पातं जुन्या सोलापुरी चादरीच्या पट्टीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलंय, मुलांचा हात पोचणार नाही असं.