तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीला भार नाही, मग ढकलतं कोण?

अर्धपारगम्य कॅप्सूलबद्दल, म्हणजे ज्यांची भिंत लहान कणांना वाट देते आणि मोठ्यांना अडवते अशा सूक्ष्म पिशव्यांबद्दल, बोलले की हा प्रश्न हमखास येतो : "भिंतीला विद्युतभारच नाही म्हणता, मग मिठाच्या द्रावणात या कॅप्सूल एकमेकींपासून दूर का राहतात?" मला हा प्रश्न मनापासून आवडतो. मीही बरेच दिवस भार भिंतीतच शोधत होते.

भार असतो आत. सूक्ष्म कॅप्सूलमध्ये लांबलचक ऋणभारित रेणू कोंडलेले असतात आणि त्यांची भरपाई करणारे सोडियमचे आयन सोबतीला. भिंतीतून सोडियमला वाट मिळते, लांब रेणूंना नाही. सोडियम बाहेर पडू लागतो. पण थोडे आयन गेले की आत उरलेला ऋणभार बाकीच्यांना धरून ठेवतो. गेलेलेही लांब जात नाहीत, भिंतीलगत ढगासारखे रेंगाळतात. ही ओढाताण जिथे थांबते तो डोनन समतोल, १९११ पासून माहीत असलेला. मोठ्या कॅप्सूलच्या गाभ्यात तर एकूण भार जवळजवळ शून्यच. सगळी घडामोड भिंतीच्या दोन्ही अंगांना. तरी शेजारणीला ही कॅप्सूल ऋणभारितच भासते.

आता तशीच दुसरी कॅप्सूल जवळ आणा. दोन्ही ढग एकमेकांत शिरतात, मधल्या फटीत आयनांची गर्दी होते. दोघी सारख्याच असतील तर फटीच्या बरोबर मध्यावर विद्युतक्षेत्र शून्य असतं, आणि तरीही त्या दूर ढकलल्या जातात! तिथे जोर लावतो तो या गर्दीचा परासरणी दाब, म्हणजे दाटीच्या जागी पाणी ओढलं गेल्याने येणारा दाब. हे कळलं त्या दिवशी मी आधीच्या सगळ्या आकृत्या पुन्हा काढल्या.

मीठ वाढवलं की ढग आकसतो. त्याची जाडी, म्हणजे डेबाय लांबी, लिटरमागे १ मिलिमोल मीठ असताना सुमारे १० नॅनोमीटर असते. मीठ शंभरपट केलं तर उरते १, कारण ती मिठाच्या प्रमाणाच्या वर्गमुळाने घटते. आतबाहेरचं विभवांतरही (व्होल्टेजचा फरक) उतरतं. मग कॅप्सूल इतक्या जवळ येऊ शकतात की व्हॅन डर वाल्स ओढ, म्हणजे अगदी जवळ आलेल्या रेणूंमधलं क्षीण आकर्षण, वरचढ ठरते आणि त्या चिकटतात. रक्तातल्या क्षारांत तर ही लांबी १ नॅनोमीटरहूनही कमी. म्हणून औषध वाहून नेणाऱ्या कॅप्सूल "पाण्यात छान सुट्या राहतात" असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारते : त्या पाण्यात मीठ किती होतं?