पायथ्याशी उभी राहिलेली डॉक्टर

कोड ब्लूची, म्हणजे कुणाचं तरी हृदय बंद पडल्याची घोषणा ऐकून आम्ही वॉर्डात पोहोचलो तेव्हा तिथल्या सिस्टरने छातीवर दाब द्यायला सुरुवात केलेली होती. भूल विभागाचा माणूस म्हणून मी उशाशी गेलो, श्वासमार्ग सांभाळायला. नेतृत्व आलं ड्युटीवरच्या मेडिसिनच्या रेसिडेंट डॉक्टरकडे. रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष, अशा प्रसंगांचा अनुभव बेताचा, पण प्रगत जीवरक्षणाचं प्रशिक्षण नुकतंच झालेलं. नेतृत्व शिकवून येतं की अनुभवातून, हा वाद आमच्या क्षेत्रात सतत चालतो. त्या रात्रीची केस मला त्यासाठीच सांगावीशी वाटते.

ती सर्वांत आधी पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली आणि हात मोकळे ठेवले. तिथून छाती, मॉनिटर, औषध देणारा हात आणि घड्याळ एका नजरेत येतं. मोठ्या अनुभवाचे डॉक्टर नेमके इथेच फसताना मी पाहिले आहेत. श्वासनळीत ट्यूब टाकायला किंवा शिरेत लाईन घ्यायला ते स्वतःच वाकतात, कारण ते काम त्यांना उत्तम जमतं. हात गुंतले की नजरही तिथेच अडकते आणि टीम पोरकी होते.

मग नावं घेऊन कामं वाटली गेली. ‘कोणीतरी ॲड्रेनालिन द्या’ असं हवेत सोडलेलं वाक्य धोक्याचं असतं: एकतर कोणीच देत नाही, नाहीतर दोघं देतात. तिने एका सिस्टरकडे बघून ‘ॲड्रेनालिन १ मिलिग्रॅम, शिरेतून’ असं सांगितलं. सिस्टरने ते पुन्हा उच्चारलं, दिल्यावर ‘दिलं’ म्हणाली आणि वेळ लिहिणाऱ्याने वेळ लिहिली. पुढचा डोस ३ ते ५ मिनिटांनी. दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर २ मिनिटांनी दाब देणारा बदलायचा, तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी. थकवा त्याला जाणवण्याआधीच दाब उथळ होऊ लागतो. नाडी आणि मॉनिटर बघण्यासाठीचा थांबा १० सेकंदांच्या आत संपवायचा. ट्यूब बसल्यावर मी दर ६ सेकंदांना एक श्वास देत होतो. हात घाईला आले की तो वेग नकळत दुप्पट होतो, छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. तिने मला एकदा ‘सर, श्वास हळू’ असं सांगितलं. पदाने मी कितीतरी वरचा, पण त्या क्षणी ते सांगणं तिचंच काम होतं, आणि तिने ते न कचरता केलं. हे धैर्य सरावातून आलेलं होतं.

इथवर सगळं प्रशिक्षणाचं. पण रुग्ण परत येत नव्हता. मॉनिटरवर रुंद, संथ लहरी होत्या आणि नाडी नव्हती. शॉक देऊन सुटणारा हा प्रकार नव्हे, कारण शोधावं लागतं. तिने चालू दाबातच मोठ्याने उजळणी केली: काय झालं, काय दिलं, काय उरलं. शेवटी विचारलं, “माझ्या नजरेतून काही सुटतंय का?”

उत्तर आलं ते दुसरी लाईन घ्यायला आलेल्या वयस्क सिस्टरकडून. डाव्या हातावरची चादर बाजूला करताच मनगटाच्या वर फुगलेली, वळणावळणाची शीर तिला दिसली होती. तिने तिथे सुई लावलीच नाही. पूर्वी डायलिसिस विभागात बरीच वर्षं काढलेली बाई. दारातल्या नातेवाईकाला दोन शब्दांत विचारून आली आणि म्हणाली, “मॅडम, फिस्टुला आहे. परवाचं डायलिसिस चुकलंय.” फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा.

रुंद लहरी आणि चुकलेलं डायलिसिस, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असणार, हे गृहीत धरून रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू झाले. १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट ३० मिलिलिटर. मग लाईन सलाईनने धुऊन सोडियम बायकार्बोनेट ५० मिलिमोल, कारण ही दोन एकाच नळीत भेटली तर साका होऊन लाईन तुंबते. त्यानंतर इन्सुलिन १० युनिट आणि सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज. कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही, ते काही मिनिटं हृदयाच्या स्नायूला सावरून धरतं. पोटॅशियम पेशींत ढकलायला इन्सुलिन, आणि शरीराबाहेर काढायला डायलिसिसच. पुढच्या तपासणीत लहरी अरुंद झाल्या होत्या. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साईडचा आकडा, जो १५ च्या आसपास घुटमळत होता, एकदम ३८ वर गेला आणि मानेला नाडी लागली.

सिस्टरच्या अनुभवाने निदान झालं, यात शंका नाही. पण तीच सिस्टर, तेच ज्ञान घेऊन, आरडाओरडा चाललेल्या खोलीत उभी असती तर तिचं वाक्य कोणाच्या कानी पडलं असतं? रेसिडेंटने प्रश्न विचारून आणि मग गप्प राहून इतरांना बोलायला जागा केली होती, आणि ती जागा करणं शिकवता येतं. विमानवाल्यांना हे आमच्या आधी कळलं. १९८९ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेली, तेव्हा कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये घेऊन इंजिनांचे थ्रॉटल त्याच्या हाती दिले. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांच्याकडे उड्डाणाचा दांडगा अनुभव होता, तरी श्रेय देताना त्यांनी टीमने मिळून काम करण्याच्या प्रशिक्षणाचं नाव आवर्जून घेतलं.

तरीही प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर माझा फारसा भरवसा नाही. ते दोन वर्षं चालतं, हातातलं कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागतं. आणि नुसत्या वर्षांवरही नाही: कोडनंतर पाच मिनिटं थांबून काय जमलं, काय अडलं हे कोणी बोललंच नाही, तर तीच चूक वर्षानुवर्षं मुरत जाते. त्या रात्री रेसिडेंटने ती पाच मिनिटं घेतली. त्यात निघालं की कॅल्शियम क्रॅश कार्टच्या, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीच्या, तळच्या खणात होतं आणि शोधण्यात वेळ गेला. आता ते ॲड्रेनालिनच्या शेजारी असतं. सरावासाठीचे प्रसंगही आता त्या वयस्क सिस्टर आणि त्यांच्यासारख्या जुन्या मंडळींकडून लिहून घेतो. सरावाच्या पुतळ्याच्या हातावर फिस्टुला रंगवून वर चादर टाकायची, ही सूचना त्यांचीच.