शटर म्हणजे कुठलं?

फोनवर कोणी "शटर अडकलंय ओ" म्हणालं की आम्ही आधी विचारतो, "घराचं, दुकानाचं का कॅमेऱ्याचं?" पलीकडचा माणूस बहुतेक वेळा हसतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या एकाच गाळ्यात सगळी कामं चालतात. पुढं वेल्डिंग, पट्ट्यांचा ढीग, रेड ऑक्साइडचे डबे. मागं काचेचं दार लावलेली अण्णांची खोली. तिथं चप्पल काढून जायचं आणि पंखा लावायचा नाही.

सुरुवात अण्णांची. महाद्वार रोडजवळच्या एका बोळात ते स्टुडिओवाल्यांचे कॅमेरे दुरुस्त करायचे. याशिका, झेनिट, आग्फा क्लिक थ्री. लग्नसराईच्या तोंडावर टेबलावर रांग लागायची. डिजिटल आलं आणि बघता बघता ती रांग संपली. मी आयटीआयचा फिटर. घर चालवायला एका मिस्त्रींच्या हाताखाली रोलिंग शटर बसवायला लागलो.

माझं स्वतंत्र पहिलं काम म्हणजे एका बेकरीचं शटर रंगवणं. आषाढातली दमट हवा. रात्री इनॅमलचा जाड हात मारला. पहाटे बेकरी उघडली, शटर वर गुंडाळलं गेलं. रंग वरून सुकलेला, आतून ओला. रात्री शटर खाली येईनाच; पट्ट्या एकमेकींना धरून बसलेल्या. मालक म्हणाले, "आता राखणीला कोण झोपणार हितं?" मीच झोपलो, त्यांचाच पाव खाऊन.

सकाळी अण्णांना सांगितलं, तर त्यांनी एक याशिकामॅट पुढं ठेवला. "ह्येचं बी त्येच झालंय बघ." कोणीतरी हौसेनं शटरमध्ये तेल सोडलेलं. भिंगाच्या मधोमध उघडझाप करणारी ती पाती कागदासारखी पातळ; 1/500 सेकंदात उघडून मिटायची, तर तेलानं चिकटून अर्धवट उघडी. पात्यांना तेल कधीच लावायचं नाही. अण्णा ती लायटरच्या पेट्रोलनं पुसून काढतात. तेल लागलंच तर आतल्या चाकांच्या अक्षाला, सुईच्या टोकावर मावेल एवढं. मग एक सेकंदावर लावून कॅमेरा कानाशी धरतात. चर्रर्र आवाज सलग आला पाहिजे. मध्ये अडखळला तर परत खोलायचा.

त्या दिवसापासून मी रंग पातळ करून दोन हात मारतो, आणि मध्ये पुरता वेळ घेतो. गिऱ्हाईक कितीही घाई करू दे.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत शटरं दिवसच्या दिवस पाण्यात. पाणी ओसरल्यावर गाईडमध्ये, म्हणजे शटर ज्यातून वरखाली सरकतं त्या बाजूच्या पन्हळींत, गाळ इतका घट्ट, की कित्येक ठिकाणी कटरच लावावा लागला. तेव्हा कळलं, बाहेरून रंगवलेलं शटर आतून सडतं. पट्टी पट्टीत अडकते त्या खोबणीत ब्रश पोचतच नाही. म्हणून आता पट्ट्या ओवण्याआधीच प्रायमर मारतो. शटर उचलणाऱ्या स्प्रिंगचं काम मात्र ओवून झाल्यावर. पीळ कमी पडला तर शटर उचलवत नाही, जास्त झाला तर खाली टिकत नाही. तो हातालाच कळतो. पत्र्यावरून मात्र अजून भांडण होतं. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात; गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ, हे लोकांना पटतच नाही. "18 कशाला, 20 चं द्या की, भक्कम!"

पेंटर आणि कॅमेरा ही जोडी कोल्हापूरला नवी नाही म्हणा. सिनेमावाले बाबूराव पेंटर, मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी इथंच सिनेमाचा कॅमेरा बनवला. अण्णा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, गिऱ्हाईक घाईत असलं तर जरा जास्तच.

अलीकडं कॉलेजची पोरं आजोबांचे कॅमेरे घेऊन यायला लागलीत. अण्णांची रांग परत लागलीय, छोटी. वाड्यांच्या लाकडी खिडक्यांच्या झडपाही येतात. बिजागऱ्या बदलून, जुना रंग खरवडून देतो. कॅमेरा आणणार असाल तर दुपारी चारनंतर या, अण्णा तेव्हा असतात. आणि येण्याआधी घरी तेल सोडू नका.