वढवाणा तलाव: पक्षी पाण्यावर, चारा शेतात

वढवाणा तलाव बडोद्याहून सुमारे 50 किलोमीटरवर आहे. डभोईपर्यंत एसटी मिळते, पण पहाटे पोहोचायचं तर स्वतःची गाडी हवी. आणि पहाटेच पोहोचायला हवं.

आम्ही बडोद्यातल्या दांडिया बाजारातून अंधारातच निघालो. उजाडता उजाडता बांधावर चढलो, तेव्हा पट्टकादंब हंसांचे थवे ओरडत तलावावर उतरत होते. डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून स्पष्ट दिसले. हिमालय ओलांडून आलेले हे पाहुणे रात्री आसपासच्या शेतांत चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. उन्हं वर आल्यावर पोहोचणाऱ्याला नुसते दूरवरचे ठिपके दिसतात. मोठी लालसरी, तलवार बदकं आणि वारकरी पक्ष्यांची गर्दी मात्र उशिरापर्यंत दिसत होती.

हा तलाव पक्ष्यांसाठी बांधलेलाच नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात, 1910च्या सुमारास, तो शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. ओरसंग नदीचं पाणी जोजवाजवळ वळवून कालव्यानं इथं आणलं. आजूबाजूच्या गावांची शेतं त्यावर भिजू लागली, आणि पाणी व चारा दोन्ही मिळाल्यावर पक्षीही आले. 2021 साली तलाव महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. त्याचा आनंद आहेच, पण माझ्या मते खरा मान या गावांचा. कादंब ज्या पिकात चरतात, ते कुणाच्या तरी कष्टाचं असतं. म्हणून फोटोसाठी शेतात शिरू नका, थव्याकडे गाडी नेऊ नका. विचारल्याशिवाय बांधावरून खाली उतरू नका. रस्त्यात भेटलेल्या शेतकऱ्याशी दोन शब्द गुजरातीत बोला. आज थवा कुठे उतरलाय हे त्याला नेमकं ठाऊक असतं.

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पाणी ओसरून कडेचा चिखल उघडा पडला की शेकाट्या आणि तुतवार जवळून दिसतात. दुर्बीण असलीच पाहिजे. कपडे मातकट रंगाचे घाला, सूर्य पाठीशी ठेवून बसा.

परतताना डभोईला हिराभागोळ या जुन्या वेशीचं कोरीवकाम पाहा. 1862 साली डभोई-मियागाम मार्गावर बैलांनी ओढलेली नॅरोगेज गाडी धावली, तेही याच गावातून. पाणी आणि डबा घरूनच न्या. प्रवेशाच्या वेळा आदल्या दिवशी वन विभागाकडे विचारून घ्या.