आमची वाटचाल: फोटो हे काढतात, विकते मी

गेल्या वर्षी आपल्या गावात एक सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि निमंत्रणपत्रिकेवर छापलेलं ‘इंदूरचे पहिले स्टॉक फोटोग्राफर’. पहिलं कोण हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ज्यांच्या खांद्यावर शाल पडली ते नक्कीच नव्हेत, कारण ‘स्टॉक’ म्हणजे शेअर बाजार नव्हे, आधीच काढून ठेवलेले, कुणालाही विकत घेऊन वापरता येणारे फोटो, इथपासून त्यांना आमच्याच स्टुडिओत शिकवावं लागलं होतं. हे लिहायला बसले त्यामागे तेही एक कारण आहे, लपवत नाही.

फर्म माझ्या नावावर आहे. फोटो हे काढतात, विकते मी. राजवाड्याच्या मागच्या गल्लीतला स्टुडिओ सासऱ्यांचा, त्यांना सगळे नाना म्हणत. पासपोर्ट फोटो, मुंजी-लग्नं, आणि रोल धुवायचं मशीन. डिजिटल आलं आणि मशीनचं चादर घातलेलं टेबल झालं. 2010 साली आम्ही पहिल्यांदा ऑनलाइन लायब्ररीत, म्हणजे असे फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर, नाव नोंदवलं. शटरस्टॉकची तेव्हा परीक्षा असे: 10 फोटो द्या, त्यातले 7 पास झाले तर आत या. ह्यांनी दिले काय, तर राजवाड्यामागचा सूर्यास्त, महेश्वरच्या घाटावरचा सूर्यास्त, पाताळपाणीचा धबधबा. अर्थातच नापास. जगातल्या प्रत्येक कॅमेरेवाल्याकडे एक सूर्यास्त असतोच, आणि तो विकत कुणालाच नको असतो.

नंतर मी स्वयंपाकघरातून मेथीदाणे, हळकुंडं, सोयाबीन आणि वाटीभर शेव घेऊन स्टुडिओत गेले. आमच्या माळव्यात सोयाबीन म्हणजे पायलीला पन्नास, त्याचा फोटो कोण घेणार, असं ह्यांचं म्हणणं. घेतात. तेलवाले घेतात, खतवाले घेतात, शेतीच्या बातम्या देणारे घेतात. पहिलं डाउनलोड सोयाबीनचंच झालं, 25 सेंट. डॉलर तेव्हा 45 रुपयांच्या आसपास होता, हिशेब तुम्हीच करा. नानांनी विचारलं, “किती मिळाले?” सांगितलं. ते म्हणाले, “निगेटिव्ह तर आपल्याकडेच आहे ना?” आहे म्हटलं. “मग उद्या परत विका.” हा धंदा आमच्या घरात सगळ्यांत आधी त्यांना कळला.

कॅमेरा निकॉनचा डी-90, सव्वाबारा मेगापिक्सेलचा. एक मॅक्रो लेन्स. खाली पांढरं अॅक्रिलिक, वर लाकडी चौकटीवर ताणलेला बटर पेपर, मागून तिरका एक फ्लॅश, पुढून थर्माकोलचा तुकडा. बस. लोक येऊन विचारतात, मशिनरी कुठाय?

शेवेचं मात्र सांगायलाच हवं. इंदुरात राहून शेवेचा फोटो धड काढता आला नाही तर दुकान बंद करावं. ताजी शेव वाटीत घातली की थोड्याच वेळात तेल सुटतं, वाटीच्या काठाला कड धरते आणि कॅमेऱ्यात ती मळकी दिसते. म्हणून आधी शिळी शेव घालून लाइट जमवायचा, फोकस ठरवायचा, आणि अगदी शेवटी ताजी शेव ओतायची. मग तुटके तुकडे वेचायचे ते नानांच्या डार्करूममधल्या चिमट्याने, ज्याने ते डेव्हलपरमधून प्रिंट उचलत. लवंग शेवेवरचा मसाल्याचा कण चुकीच्या जागी पडला तर नानांचाच तीन शून्य नंबरचा ब्रश. त्या ब्रशाने त्यांनी कृष्णधवल प्रिंटांवरचे पांढरे ठिपके आयुष्यभर बुजवले. आता तो जिरावणाचे, म्हणजे आमच्या इंदुरी मसाल्याचे, कण हलवतो. केस गळलेत, पण टोक अजून सुईसारखं आहे. नवे ब्रश आणून पाहिले, दोन दिवसांत फिसकारतात.

माणसांचे फोटो हे वेगळं प्रकरण. चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाची मॉडेल रिलीजवर, म्हणजे संमतीपत्रावर, सही लागते, साक्षीदारासकट. मूल असेल तर आईवडिलांची. नाहीतर फोटो एडिटोरियलमध्ये जातो, म्हणजे बातमीला चालतो, जाहिरातीला नाही. म्हणून रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचे, फोटो कितीही भारी आले तरी त्यांचं गिऱ्हाईक मर्यादित. आमची खरी मॉडेल माझी रामबागेतली मावशी. नऊवारी, नाकात नथ नाही, कानात साध्या कुड्या, हातात स्मार्टफोन. 2013 साली काढलेली ही मालिका आजतागायत विकली जाते आहे. एकदा ती एका कर्जाच्या जाहिरातीत झळकली. मावशीने आयुष्यात शेजारून वाटीभर साखर उसनी आणलेली नाही. तिने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता.

2012 ते 2017 ठीक चाललं. आमचे फोटो जिथे होते ती फोटोलिया नावाची लायब्ररी अडोबीने 80 कोटी डॉलरला घेतली, 2015 मध्ये अडोबी स्टॉक सुरू झालं, आमचे फोटो आपसूक तिकडे दिसू लागले. नोटाबंदीत बँकेतून पहिली गुलाबी 2000 ची नोट मिळाली तेव्हा ती मोडायच्या आधी ह्यांनी तिचे फोटो काढले. मे 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने ती नोट मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि तेच फोटो पुन्हा उचलले गेले. बाकी त्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही.

आता मुख्य गोष्ट. 2015 साली आम्ही एक मदतनीस ठेवला. नाव घेणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल. हुशार होता, हात चांगला होता, हेही लिहिते, नाहीतर म्हणाल जळते आहे. लाइट लावणं, फोटो साफ करणं, कीवर्ड म्हणजे शोधाचे शब्द घालणं सगळं इथे शिकला. 2017 च्या शेवटी ‘स्वतःचं काहीतरी करतो’ म्हणून गेला. आम्ही पेढे दिले.

2018 च्या दिवाळीच्या तोंडावर मी सहज आमचाच एक फोटो गूगलच्या फोटो शोधात टाकला. असं मी अधूनमधून करते, तुम्हीही करा. समोर आली मावशी. तीच साडी, तोच फोन, पण काहीतरी खटकत होतं. मग लक्षात आलं: पदर उजव्या खांद्यावर! नऊवारीतल्या मराठी बाईचा पदर उजवीकडे? फोटो आरशातल्यासारखा उलटा करून, कडा कापून, दुसऱ्याच खात्यावर चढवलेला. खातं त्याचं. खाली गेले तर आमची शेव, आमची हळकुंडं, आमचं सोयाबीन, सगळं उजव्याचं डावं झालेलं.

अशा वेळी अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रीतसर तक्रार करावी लागते: मूळ काम कुठलं, चोरीचं कुठे आहे, आणि मी सांगते ते खरं आहे अशी शपथ. ती केली. त्याने उलट लिहून पाठवलं की कॅमेऱ्याचं बटण मीच दाबलं होतं, म्हणून फोटो माझे. लायब्ररीच्या कंपनीने, जिच्यावर आमचा निम्म्याहून जास्त धंदा होता, दोन्ही खाती कुलूपबंद केली. म्हणजे चोरही आत आणि घरमालकही आत! साठलेले पैसे अडकले, नवं काही चढवता येईना. नवा फुलफ्रेम कॅमेरा हप्त्यावर घेतलेला. यांत्रिक उत्तरं रात्री यायची, मी पहाटे उठून वाचायची, परत लिहायची. ह्यांनी हाय खाल्ली. स्टुडिओच्या दारात पुन्हा ‘आधार लॅमिनेशन, झेरॉक्स’ची पाटी लागली. पाटी पाहून गल्लीतल्या एका मोठ्या मनाच्या गृहस्थांनी विचारलं, “ते परदेशातले डॉलर संपले वाटतं?”

आम्हाला वाचवलं ते कागदाने. पहिलं, रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल. जेपेग कुणाकडेही असू शकतं. एनईएफ, म्हणजे निकॉनची रॉ फाइल, आमच्याकडेच, आणि तिच्यात कॅमेऱ्याचा सिरियल नंबर, तारीख, वेळ. 2013 च्या रॉ फाइली डीव्हीडीवर होत्या, गोदरेजच्या कपाटात, नानांच्या निगेटिव्हच्या डब्यांखाली. काही डीव्हीडी वाचल्याच जाईनात. जुना कॉम्प्युटर उघडून त्याचा ड्राइव्ह नव्याला जोडला, तेव्हा मावशीची मालिका उघडली. दुसरं, पगाराची वही. दर महिन्याला रेव्हेन्यू स्टॅम्पवर त्याची सही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नोकरीत असताना मालकाच्या कामासाठी काढलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. बटण कुणी का दाबेना. आणि मावशीच्या फोटोच्या वेळी तर तो आमच्याकडे कामालाही नव्हता. तिसरं, रिलीज. त्यानेही मावशीच्या नावाचं रिलीज चढवलेलं होतं, खाली झोकदार इंग्रजी सही. मावशी बँकेत, पोस्टात, सोसायटीत, सगळीकडे मराठीत सही करते. तिची पेन्शनची कागदपत्रं स्कॅन करून पाठवली. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मेल्याने निदान पदर तरी नीट ठेवायचा!”

2019 च्या उन्हाळ्यात आमचं खातं उघडलं, त्याचं बंद झालं. माफी कुणीच मागितली नाही, ना कंपनीने ना त्याने. त्याने दुसऱ्या नावाने दुसरीकडे दुकान थाटलं. बाकी शालीपर्यंतचा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे. आम्हालाही निमंत्रण होतं. गेलो, पहिल्या रांगेत बसलो, टाळ्याही वाजवल्या.

मधल्या काळात घर चाललं ते नमकीनची पाकिटं छापणाऱ्या एका सेठजींमुळे. त्यांची गोष्ट अशी की त्यांनी एका लायब्ररीतून लवंग शेवेचा फोटो विकत घेतला होता, आणि तो काढणारा आपल्याच शहरात बसतो हे त्यांना वर्षभराने, बिल घेऊन आलेल्या पोऱ्याकडून कळलं. स्वतः आले. मावशीच्या फोटोसमोर उभे राहून मला म्हणाले, “भाभी, अमेरिका से मँगवाई अपने इंदौर की सेव! कमाल है भिया.” तेव्हापासून सगळं काम थेट. आमचे फोटो एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच लायब्ररीला बांधून, दिलेले नव्हते, म्हणून नवे फोटो स्वतः विकायची मोकळीक होती. नवोदितांनी एक्सक्लुझिव्हच्या करारावर सही करताना एवढं ध्यानात ठेवावं. खातं बंद पडलं तेव्हा सेठजींनी त्यांच्या सगळ्या पाकिटांचे फोटो नव्याने काढायला दिले. अॅडव्हान्स मी विचारायच्या आत टेबलावर ठेवला, “पेले काम करो, हिसाब बाद में.” हिशेब त्यांनी नंतर पैन् पै पाहिला, एका चुरमुऱ्याच्या फोटोचे पैसे कापले, ते सोडा.

विचारलं नाहीत तरी सांगते. अमेरिकन लायब्ररीत डब्ल्यू-8 बेन हा तिथल्या कराचा फॉर्म भरताना नाव पॅन कार्डावर आहे तसंच्या तसं लिहा. फॉर्म नीट असेल तर तिथल्या विक्रीवर भारत-अमेरिका कर-करारानुसार 15 टक्के कर कापतात, नाहीतर 30. पैसे आले की बँकेकडून परदेशी जमेचा दाखला मागून घ्या, सीए शेवटच्या आठवड्यात रडतो. दिवाळीचे फोटो दिवाळीत काढू नका, जून-जुलैत काढून चढवा, डिझायनर तेव्हा शोधत असतात. अडोबीवर कीवर्डांच्या पहिल्या दहांना वजन असतं, तिथे ‘सुंदर’ न् ‘छान’ घालून जागा वाया घालवू नका. आणि पांढरी पार्श्वभूमी म्हणजे पांढरीच हवी, कॉम्प्युटरवर तिन्ही रंगांचा आकडा 255. ‘दिसतंय की पांढरं’ म्हणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवते.

आता सगळे एआयचं विचारतात. गेटी या मोठ्या लायब्ररीने सप्टेंबर 2022 मध्ये तसल्या चित्रांना दार बंद केलं, अडोबीने त्याच डिसेंबरात खूण लावून घ्यायला सुरुवात केली. साध्या मेथीदाण्यांची, हळदीची विक्री उतरली, हे खरं. पण भुट्ट्याचा कीस मागितला की मशीन मक्याचं आइस्क्रीम करून देतं, आणि गराडू, म्हणजे आमच्याकडचा तळलेला कंद, त्याला अजून माहीत नाहीत. ह्यांनी गेल्या हिवाळ्यात सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री गराडूच्या कढईसमोर उभं राहून तासनतास काढले, लेन्सवर तेल उडवून घेतलं. फोटो चांगले चाललेत. सेठजींनी त्यातला एक आधीच मागून घेतला.

ज्या मुलांना शिकायचंय त्यांनी दुपारी चारनंतर यावं. चहा मिळेल, पोहे असले तर तेही. पेन ड्राइव्ह मात्र काउंटरवर ठेवून आत यायचं.