ख्रिसमस ट्रीवर बर्फ टिकतो कसा?

घरच्या झाडावरचा नकली बर्फ गळतो तो बहुतेक वेळा पाणी कमी पडल्यामुळे. चिकटणाऱ्या बर्फाच्या पावडरीत कागदाचा लगदा आणि कोरडा गोंद असतो. पाणी लागल्याशिवाय तो गोंद जागाच होत नाही.

आधी फांद्या नीट फाकवून घ्या आणि खाली जुनी चादर अंथरा. फवारणीच्या बाटलीने एक फांदी ओली करा, पीठ चाळायच्या चाळणीने वरून पावडर भुरभुरवा आणि लगेच पुन्हा बारीक फवारा मारा. हा शेवटचा फवारा कधीही टाळू नका! पावडर कोरडी पांढरी दिसली तर ती चिकटलेली नाही. किंचित करडी, ओलसर दिसली की जमलं. सहा फुटी झाडाला साधारण १ किलो पावडर लागते. टोकांवर जास्त, खोडाजवळ कमी, कारण खरा बर्फही तसाच साचतो.

मग २४ ते ४८ तास हात लावू नका. दिव्यांच्या माळा पूर्ण वाळल्यावरच, त्याही एलईडीच्या. नाकावर मास्क हवाच, धूळ फार उडते. आणि फार जुना, माळ्यावरचा बर्फाचा डबा सापडला तर उघडू नका, १९३०-४० च्या दशकांत असा बर्फ फुप्फुसांना घातक खनिज असलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचाही विकला जायचा.