वारस नोंद आणि आजीचे पाच गुंठे

बाबा गेल्यावर बँकेचं काम पटकन झालं. आई नॉमिनी होती, दाखला आणि फॉर्म दिला, पैसे तिच्या खात्यात आले. (नॉमिनीला पैसे मिळतात म्हणजे ते तिचे एकटीचे होतात असं नाही, हक्क सगळ्या वारसांचा असतो. आमच्यात वाद नव्हता म्हणून हे जाणवलं नाही, इतकंच.) विम्याचे पैसेही असेच पटकन आले. त्यामुळे सातारा जिल्ह्यातल्या आमच्या दोन एकरांवर वारस लावणं म्हणजे उरलीसुरली औपचारिकता, असं मी पुण्यात बसून गृहीत धरलं होतं. अडकलो ते तिथेच.

जमीन बाबांनी स्वतः विकत घेतलेली. खरेदीखत होतं, सातबारा त्यांच्या एकट्याच्या नावावर. पण नाव बदलल्याशिवाय आईला विकास सोसायटीचं पीककर्ज नवं-जुनं करता (जुनं फेडून नवं घेता) येईना, आणि शेतकरी ओळख क्रमांकही काढता येईना, कारण तिच्या नावावर जमीनच दिसत नव्हती. म्हणून घाई.

गावच्या कार्यालयात विचारलं, वारस म्हणून कोणकोण लिहायचे? भाऊसाहेब (तलाठी) म्हणाले, "बायको आणि पोरं. बस्स." मग माझ्याकडे बघून, "ताई, तुमचं लग्न झालंय ना? मग नाव कशाला घालताय?" मी सांगितलं की 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि लग्नाचा त्यात काही संबंध नाही. 2005 ची दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल आहे, हे लोक एकत्र करून टाकतात. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं आणि नाव लिहिलं. एवढ्यावर मी खूश होते.

अर्ज, मृत्यू दाखला, प्रतिज्ञापत्रावर वंशावळ, आधारकार्डं, सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) असं सगळं दिलं. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद, नोंदला गेला, हरकतीसाठी नोटीस लागली, पंधरा दिवस गेले, कुणी हरकत घेतली नाही. आणि मग सर्कलकडून (मंडळ अधिकाऱ्याकडून) शेरा आला: सर्व वारसांचा समावेश नसल्याने नोंद नामंजूर.

राहिलेला वारस म्हणजे आजी, बाबांची आई.

बाबा गेले तेव्हा आजी जिवंत होती. त्यानंतर काही महिन्यांनी ती गेली. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात हिशेब असा की म्हातारी गेली, विषय संपला. कायद्याचा हिशेब वेगळा आहे. पुरुष मृत्युपत्र न करता गेला की पहिल्या वर्गातल्या वारसांत बायको, मुलं, मुली यांच्याबरोबर त्याची आईही येते, आणि तिला मुलांइतकाच हिस्सा मिळतो. (वडील मात्र त्या वर्गात नाहीत. हे कळल्यावर आमच्याकडे बराच वेळ यावर चर्चा झाली.) वारसा उघडतो तो माणूस गेल्या क्षणी, फेरफार होतो तेव्हा नाही. म्हणजे बाबा गेले त्याच दिवशी जमिनीचे चार हिस्से झाले: आई, मी, भाऊ, आजी. आणि आजी गेल्यावर तिचा चौथा हिस्सा तिच्या मुलांकडे गेला: काका, दोन्ही आत्या, आणि बाबांच्या जागी मी आणि भाऊ. आईला त्यातलं काही नाही, सुनेला सासूचा वारसा थेट येत नाही. प्रत्येक शाखेला एकूण जमिनीचा सोळावा भाग, म्हणजे पाच गुंठे.

सर्कलचं म्हणणं बरोबर होतं, हे मी आजही मान्य करते. माझा राग वेगळा आहे. "आजी केव्हा गेल्या?" हा एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला काय लागतं? गावात प्रत्येकाला माहीत होतं की ती मुलाच्या नंतर गेली. पण तिथली पद्धत अशी की एका वेळी एकच त्रुटी सांगायची. ती पुरी केली की पुढची. आजीचा मृत्यू दाखला आणा. आणला, तर त्यावर नाव भागाबाई आणि आधारवर भागीरथी. दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. आणलं. आता पोलीस पाटलांचा दाखला. आता आत्यांची आधारकार्डं. आता काकांची सही नाही, अंगठा चालेल का ते विचारून सांगतो. काका तीस वर्षं शिक्षक होते.

नावाचा गुंता शेवटी सुटला तो आजोबांच्या जुन्या वारस फेरफारावरून. तिथे आजी 'भागीरथी उर्फ भागाबाई' अशी स्पष्ट लिहिलेली सापडली. आत्यांची नावं मात्र तिथे मालकांच्या रकान्यात नाहीत, 'इतर हक्क' या रकान्यात टाकलेली. त्या काळी असंच करायचे. तेव्हा जुने फेरफार आधी काढून ठेवा, नवीन दाखल्यांच्या मागे नंतर लागा.

एकाने सल्ला दिला, नामंजुरीवर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) 60 दिवसांत अपील करा. करता येतं. पण जिथे आक्षेप बरोबर आहे तिथे अपिलात वेळ घालवण्यापेक्षा नवा अर्ज टाकलेला बरा. आम्ही दोन अर्ज टाकले: पहिल्यात बाबांचे वारस, आजीसकट, तिच्या मृत्यूच्या तारखेसह. तो मंजूर झाल्यावर दुसरा, आजीच्या वारसांचा. एकाच फेरफारात उरकून टाका म्हणून कितीही विनवा, नाही होत.

धाकटी आत्या फोनवर म्हणाली, "आगं, माज्या भावाच्या जमिनीत माजं नाव कशाला? मला न्हाई पायजे." तिला समजावताना नाकी नऊ आले की 'नको' असं तोंडी म्हणून किंवा साध्या कागदावर संमती देऊन हक्क सुटत नाही. आधी नाव लागू दे, मग हवं तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र कर. तिने तसंच केलं. मोठ्या आत्याने केलं नाही, आणि काकांनीही. काका म्हणाले, "आईचं आहे ते, राहू दे नाव." मला सुरुवातीला हे खटकलं. मग वाटलं, पाच गुंठ्यांसाठी कोण कुणाला काय म्हणणार? तसंही फेरफार हा महसुली नोंदीचा कागद आहे. त्यातून नाव वगळलं म्हणून त्यांची मालकी गेली नसती.

गावात मृत खातेदारांच्या जागी वारस लावायच्या 'जिवंत सातबारा' मोहिमेचा फलक त्याच कार्यालयाच्या भिंतीवर होता. मी त्याखालच्या बाकावर बसून वाट बघायची.

नवा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन निघतो, तो निघाल्या निघाल्या प्रत्येक नाव अक्षर न् अक्षर तपासा. आमच्यावर आईचं नाव बरोबर आहे, माझं बरोबर आहे, भावाच्या आडनावात एक काना जास्त पडलाय. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली, लेखनातल्या चुकीच्या दुरुस्तीचा अर्ज तहसीलला दिला आहे.